चार दिव्यांची जीप

आमच्या जीपचे दिवे मंद झाले आहेत, असं बाबांनी पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा आम्ही सगळे अंगणात त्या दिव्यांसमोर उभे होतो आणि आईनं डोळ्यांपुढे सूप धरलं होतं. ह्याच्यापेक्षा कंदील बरा, असं बाबांचं म्हणणं पडलं. आईनं सूप खाली केलं, बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सूप पुन्हा वर धरलं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे आम्हा दोघींना त्या दिवशी कळलं. बाबांना मात्र ते कळून घ्यायचं नव्हतं, आणि त्यांना जे कळून घ्यायचं नसे ते त्यांना सांगणारा माणूस आमच्या घरात तरी जन्मला नव्हता.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. तेव्हाच्या आंध्रात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, तामसीला आमची भाजीची वाडी होती. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल बाबा स्वतः जीप चालवत सकाळी आदिलाबादच्या बाजारात नेत आणि दिवस मावळता मावळता परत येत. जीप कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातली होती. खात्यानं तिला कंडम ठरवलं होतं, बाबांनी ठरवलं नाही. येताना ती कधी रिकामी नसे. शेवटची बस चुकलेली माणसं, पिशव्या घेतलेल्या बाया, एखादी शेळी, सगळ्यांना बाबा घेत. आमच्या सडकेची रीतच होती ती. सांजेला कडेला कुणी उभं दिसलं की थांबायचं आणि कुठं जायचं ते विचारायचं. न विचारता निघून जाणाऱ्याला गावात किंमत नसे. बाबांची सगळी इज्जत त्या जीपमध्ये होती, आणि डोळ्यांचा विषय निघाला की पुढचा विषय जीपचा निघणार, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

त्यांच्या हट्टाला एक कारण होतं. माझे आजोबा म्हातारपणी आंधळे झाले होते. घरानं त्यांना जेवू घातलं, न्हाऊ घातलं, सगळं केलं, फक्त काही विचारायचं बंद केलं. वावरात काय पेरायचं, बैल ठेवायचा की विकायचा, सगळं त्यांच्या डोक्यावरून बोललं जायचं आणि ते खाटेवर बसून ऐकायचे. बाबांनी ते पाहिलं होतं. हे त्यांनी आईला आयुष्यात एकदाच सांगितलं आणि आईनं मला. त्यामुळे मला बाबांचा राग यायचा तेवढंच वाईटही वाटायचं. पण दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटायची, कारण मी आदिलाबादेला कॉलेजात होते आणि येताना त्यांच्या शेजारच्या सीटवर मीच असायचे.

तर दिवे. आदिलाबादच्या बस स्टँडजवळ एक इलेक्ट्रिशियन होता. त्याच्याकडे बाबांचं जाणं-येणं देवळात जावं तसं सुरू झालं. आधी त्यानं जुने पिवळे बल्ब काढून हॅलोजनचे घातले. चार दिवस बाबा खूश होते. मग त्यांना तेही मंद वाटू लागले. मग शंभर वॅटचे आले. त्यांच्यासाठी जाड वायर आली, रिले नावाची डबी आली. मग बंपरवर ताटाएवढे दोन दिवे आणखी बसले आणि जीप चार दिव्यांची झाली. प्रत्येक वेळी इलेक्ट्रिशियन दोन पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून आपलं काम बघायचा आणि म्हणायचा, "पटेल, इसके आगे तो सूरजइच है." बाबांना ते वाक्य फार आवडायचं. महिन्याभरानं ते सूरजची चौकशी करायला परत जायचे.

जीपच्या पोटात एवढा जीव नव्हता. चारही दिवे लावले की हॉर्नचा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा निघायचा आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबायचा. पाऊस आणि अंधार एकदम आले की बाबांना दोहोंतलं एक निवडावं लागे. ते नेहमी अंधाराची बाजू सांभाळायचे आणि पावसाचं काय ते मला बघायला सांगायचे. मी खिडकीतून हात काढून काच पुसायची.

नवीन दिवा बसला की संध्याकाळी गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर त्याची चाचणी व्हायची. आमच्याकडे वीज तेव्हा पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच जायची. त्यामुळे चाचणीची खबर लागली की शेजारच्या बाया तांदूळ-डाळ घेऊन भिंतीपाशी निवडायला बसत. बाबा दिव्याकडे बघत उभे राहत, बाया खडे वेचत आणि बाबांनी बंद करायला हात नेला की त्यातली एखादी म्हणायची की भाऊ, नीट पाहून घ्या, घाई काऊन करून राह्यले. एवढ्या लोकांना आपल्या दिव्यांची किंमत आहे, असं बाबांना वाटे. सडकेवरही त्यांना तसंच वाटे. समोरून बैलांची बंडी हाकत येणारा बंडीवाला हात उचलून डोळ्यांवर आडवा धरी. बाबांना तो रामराम वाटे. ते गाडी हळू करत, स्वतः हात उचलत आणि मला सांगत की या सडकेवर आपल्याला मान आहे. बंडीवाला मागून जे बोलायचा ते जीपच्या आवाजात ऐकू जायचं नाही, हे आमचं नशीब.

शेजारच्या सीटवर माझं काम बोलत राहण्याचं होतं. ते कुणी नेमून दिलं नव्हतं, पण आईनं एकदा मला डबा देताना हळूच सांगितलं होतं, "तोंड बंद ठेवजो नको." म्हणून मी बडबड करायची. अगाई, ती म्हैस किती मोठी आहे. बाबा, कापसाची केवढी बंडी निघालीय बघा. अय्या, इथं पुन्हा खड्डा केला वाटतं. बाबा त्या दिशेनं हूं म्हणायचे आणि बरोबर स्टिअरिंग वळवायचे. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी अबोल म्हणून माहीत होते. घरी पोचेपर्यंत माझा घसा बसलेला असायचा.

आईनं एक उपाय करून पाहिला. पोरीला गाडी शिकवा, पुढं कामात येईल, असं ती सहज बोलल्यासारखं बोलली. बाबा चक्क हो म्हणाले. वेचून झालेल्या कापसाच्या वावरात त्यांनी मला दिवसाउजेडी जीप शिकवली, आणि चांगली शिकवली. पण सडकेवर देईनात. वावरात चालवणं येगळं आणि सडकेवर चालवणं येगळं, एवढं म्हणून त्यांनी चावी खिशात टाकली आणि तो विषय तिथं संपला.

मग झेनॉन आलं. म्हणजे आलं नव्हतं, त्याची बातमी आली. इलेक्ट्रिशियननं बाबांना सांगितलं की हैदराबादेत आता परदेशी किट मिळतं. त्याच्या बल्बमध्ये तारच नसते. सोबत एक पेटी येते, ती बॅटरीतून हजारो व्होल्ट काढते आणि उजेड पडतो तो थेट वेल्डिंगचा, निळा-पांढरा. बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. पुढच्या आठवड्यात हैदराबादेला जायचं त्यांनी ठरवूनच टाकलं. हजारो व्होल्ट हा शब्द ऐकून आईनं पोळी तव्यावरच सोडली. ती करपून गेल्यावर आई म्हणाली की आता इवायालेच बोलवावं लागते.

इवाई म्हणजे व्याही, माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. ते बाजारहत्नूरला राहत. किराणा दुकान होतं, गावात वजन होतं. आमच्याकडे मुलीचा सासरा घरी आला की त्याला पाय धुवायला पाणी, बसायला नवी सतरंजी, जाताना टोपी-उपरणं, आणि मुख्य म्हणजे तो जे बोलेल त्याला हो. मुलीच्या बापानं त्याच्या शब्दाला नाही म्हणायचं नसतं. ही रीत मला कधी आवडली नाही, पण आईनं ती या वेळी बंदुकीसारखी वापरायची ठरवली. इवाई म्हणतील, डोळे दाखवा, आणि बाबांना हो म्हणावंच लागेल. निरोप गेला. इवाई बहिणीला घेऊन यायला तयार झाले. आईला हायसं वाटलं.

ते दोघं दुपारच्या बसनं आदिलाबादेला आले. मी आणि बाबा बाजार आटोपून त्यांना घ्यायला गेलो. बाबांनी आधी त्यांना चहा पाजला, मग पान दिलं, मग बाजारातले ओळखीचे लोक भेटवले, आणि या मानपानात दिवस मावळला. व्याही पुढे बसले. मी आणि बहीण मागे, ती डोक्यावर पदर घेऊन. म्हणजे शेजारची सीट माझी राहिली नव्हती आणि सासऱ्यादेखत बहिणीनं तोंड उघडायचं नव्हतं. मी मागून दोनदा म्हशीचं कौतुक केलं. पोरगी फार बोलते, असं बाबांनी व्याह्यांना हसत सांगितलं. मग मी बडबड गावाजवळच्या वळणासाठी राखून ठेवली.

गावाबाहेर पडल्यावर बाबांनी चारही दिवे लावले. सडकेवरची धूळसुद्धा दाणादाणा दिसायला लागली. बाबांनी अभिमानानं व्याह्यांकडे पाहिलं. व्याही थोडे पुढे वाकले, काचेतून बघत राहिले आणि अदबीनं म्हणाले, "चांगले हायत. पण जराशे मंद नाई वाटत?"

मी आणि बहिणीनं एकमेकींकडे पाहिलं. पुढे ते दोघं मोठ्या जिव्हाळ्यानं झेनॉनविषयी बोलू लागले.

अर्ध्या वाटेवर ज्वारीचं एक वावर सडकेला लागून होतं. तिथं बांधावर, दोन्ही हात पसरून, एक जण उभा होता. बाबांनी जीप थांबवली. "कुटं जायचं हाय?" त्यांनी विचारलं. उत्तर नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तरी नाही. बाबा व्याह्यांना म्हणाले की काल गाडी भरलेली होती, कदाचित याला न घेता गेलो असेन, म्हणून राग धरून बसला असेल. व्याह्यांना ते पटलं. रुसलेल्या माणसाची समजूत काढायला पाहुण्यासारखा माणूस नाही, म्हणून ते स्वतः उतरले. चार दिव्यांच्या त्या भर दुपारसारख्या उजेडात बुजगावण्यापुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

"चला ना, दादा. जागा हाय. राग धरू नका."

बहिणीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिनं बोलावं तर सासऱ्याची चूक दाखवल्यासारखं, मी बोलावं तर बापाची आणि बहिणीच्या सासऱ्याची, दोघांची. आम्हाला वळणच असं होतं की मोठ्यांची अशी फजिती पाहून नजर खाली घालायची. आम्ही दोघी गाडीच्या पत्र्याकडे बघत बसलो. व्याह्यांनी शेवटी आपुलकीनं त्या माणसाचा दंड धरला. दंड हातात आला. मागोमाग मडकं खाली पडून फुटलं.

मग व्याही परत येऊन बसले, धोतर झटकलं, आणि बाबांनी गिअर टाकला. थोडं पुढे गेल्यावर बाबा म्हणाले की आजकाल बुजगावणी फार चांगली करतात. व्याही म्हणाले, हो ना.

घरी पोचल्याबरोबर बाबा मला गोठ्यामागे घेऊन गेले. त्यांचा आवाज खरंच हळवा झाला होता. "इवायाले दिसत नाई, पोरी," ते म्हणाले. "बिचारे कोणाले सांगूनबी नाई राह्यले." त्याच वेळी मोरीपाशी पाय धुताना व्याही बहिणीला सांगत होते की तुझ्या बापाचे डोळे गेले आहेत, पण माणूस मानी आहे, कबूल करणार नाही. चुलीपाशी आम्ही तिघी जमलो तेव्हा बहिणीनं हे सांगितलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली. सासऱ्यांचं हे दुकानात वर्षभर चालू होतं. हळद मागणाऱ्याला बेसन जात होतं. त्यांनाही घरी कुणी बोलू शकत नव्हतं. आईचा निरोप गेला तेव्हा बहिणीच्या सासूनं ताबडतोब त्यांना पाठवलं, कारण तिला वाटलं, तामसीचे इवाई समजूतदार आहेत, ते यांना काहीतरी सांगतील.

आई खूप हसली. तिला असं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून ती पान वाढायला उठली आणि जेवताना तिनं बाबांना कानात सांगितलं की आदिलाबादेला डोळ्यांचं शिबिर लागून राह्यलंय, इवाई लाजतात, तुमी सोबत गेले तं जातील. बाबांनी घास खाली ठेवून मान हलवली. एवढं तर मुलीच्या सासऱ्यासाठी करायलाच हवं होतं. बहिणीनं तेच सासऱ्यांना पाणी देताना सांगितलं, नावं उलटी करून. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकमेकांना सांभाळत बसनं निघाले. जीप बाबांनी स्वतःहून घरी ठेवली. व्याह्यांना भीती वाटेल, असं त्यांनी मला समजावलं.

शिबिरात मीही होते. डॉक्टर तरुण होते आणि सोबत आलेल्यालाही खुर्चीवर बसवत होते. आधी तुमी, आधी तुमी असं करण्यात बराच वेळ गेला. शेवटी पाहुण्यांना वाट दाखवायची म्हणून बाबा पहिले बसले. भिंतीवरचा तक्ता तेलुगूत होता. बाबांनी पाठ ताठ करून सांगितलं की मले तेलुगू येत नाई, डोळे चांगले हायत. डॉक्टरांनी आकड्यांचा तक्ता लावला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि हा तक्ता कुणीतरी धुवून काढला पाहिजे असं मत दिलं. मग डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर छोटी बॅटरी मारली आणि मला विचारलं की हे इथपर्यंत आले कसे. मी म्हटलं, बसनं. ते म्हणाले, आजचं नाही, आजपर्यंतचं विचारतोय, आणि कागदावर मोतीबिंदूचं ऑपरेशन लिहिलं.

बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. मला वाटलं, आता ते उठतील आणि सगळ्यांवर ओरडून चालू लागतील. पण मागं व्याही उभे होते. ते पुढे झाले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मीबी करतो, इवाई. दोघं करू." मुलीच्या बापाला नाही म्हणता येत नाही. बाबा हो म्हणाले.

दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. आधी आधी मानपान चालला. नर्सनं चहा आणला की बाबा म्हणत, आधी त्यांना. पण हिरव्या पट्ट्यांखाली कोण आधी प्याला ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि थोड्याच वेळात त्यांनी तो नाद सोडला. मी डबा घेऊन गेले तेव्हा दोघं एकाच डब्यातून जेवत होते आणि व्याही बाबांना एकेरीत हाक मारत होते. बाबांनी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली असावी, कारण व्याही मला म्हणाले की तुझ्या बापाला आता रोज काहीतरी विचारत जा.

महिनाभर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो महिना बाबांनी कसा काढला ते आईलाच माहीत. महिना संपला, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि जाड चष्मा लावून, धुतलेला सदरा घालून ते जीपमध्ये बसले. मी शेजारी. सकाळी जाताना काही विशेष घडलं नाही, कारण जाताना माझ्यापेक्षा तेच जास्त बोलत होते. बाजारात त्यांनी आपल्या वांग्यांना इतकी कीड कधीपासून लागते म्हणून मला झापलं. येताना मुद्दामच उशीर केला. दिवस मावळल्यावर चालवून बघायचं होतं त्यांना.

दिवे लावले आणि ते लगेच बंद केले. मग बंपरवरचे दोन सोडून बाकीचे लावले. हळूहळू निघालो. बाबांना दोन सालांच्या बातम्या एकदम कळत होत्या. ती चिंच कवा तोडली? या शाळेले टिनाचं छप्पर कवा बसलं? हा माणूस एवढा लठ्ठ कवा झाला? मी उत्तरं देत होते आणि हसत होते. तेही हसत होते. माझा घसा त्या दिवशी मोकळा होता.

गावाच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी एकदम ब्रेक दाबला. जीप थांबली. ते उतरले आणि दिव्यांच्या उजेडात सडकेच्या कडेला जाऊन उभे राहिले. मीही उतरले. तिथं विहीर होती. सडकेला अगदी लागून खणलेली, कठडा नसलेली, खाली काळं पाणी.

"ही इहीर कवा खंदली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात.

ते वाकून खाली पाहत राहिले. मग जीपच्या चाकांकडे पाहिलं, मग चाकांपासून विहिरीपर्यंतच्या जमिनीकडे. रोज या बाजूनं ते माणसं भरून नेत होते. "ह्याच वळणावर तू मले रोज मोर दाखवत होती," ते म्हणाले. "त्या बाजूच्या वावरात. मी तिकडं वळून पाहायचो, अन् जीपबी तिकडंच सरकायची."

"हो."

"मोर होता?"

"नाही, बाबा."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. ते जीपपाशी आले, चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"सडकेवर तूच चालव," ते म्हणाले. "मले आता दिसून राह्यलं."